येतो म्हणाले

बाबांच्या पक्ष्यांच्या वहीत ‘गेले’ हा शब्द एकदाही सापडत नाही. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची ती वही अजून माझ्या कपाटात आहे. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी तिच्यात ‘आज आले’ असं लिहिलेलं असे आणि पुढे किती आले, कुठे उतरले, काय खात होते, हे बारीक अक्षरात. होळीच्या आगेमागे एक दिवस नदीवर कुणीच दिसत नसे. त्या दिवशी वहीत फक्त ‘येतो म्हणाले’. आमच्या घरात निघताना ‘जातो’ म्हणायची सोय नव्हती. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला निघालेल्या माणसानेही ‘येतो’ म्हणायचं. चुकून कुणाच्या तोंडून ‘जातो’ निघालंच, तर आई त्याला परत आत बोलवायची, खुर्चीवर बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि नव्याने निघायला लावायची. ही पद्धत पुष्कळ घरांत असते, आमच्याकडे अंमलबजावणी जरा कडक होती. बाबा यावरून आईची यथेच्छ चेष्टा करत आणि वहीत मात्र तिचाच नियम पाळत.

आले म्हणजे कोण, ते सांगते. पट्टकदंब नावाचा पक्षी आहे, हंसाच्या कुळातला. राखी अंग, पांढरं डोकं आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे, पत्रावर पोस्टाचा शिक्का मारावा तसे. आई त्यांना ‘तुमचे हंस’ म्हणायची. सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी मागे टाकून लोणी काळभोरच्या थोडं अलीकडे डावीकडे वळलं की कवडी लागते. तिथे नदीवर जुना बंधारा आहे, आणि त्या काळी काठाने गव्हा-हरभऱ्याची रानं होती. बिबवेवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांपासून मोपेडवर तासभराची वाट. बाबा जुन्या बाजारातून आणलेली दुर्बीण गळ्यात अडकवून दर रविवारी सकाळी निघत आणि मागे मी बसे. सुहासदादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण रविवारी त्याला झोप प्यारी. मीसुद्धा थालीपिठांसाठी जायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही. आईने फडक्यात बांधून दिलेली थालीपिठं लोण्याच्या गोळ्याबरोबर बंधाऱ्यावर बसून खायची, आणि समोर धुक्यात दीडएक डझन हंस नाकात बोलल्यासारखा आवाज करत चरत असायचे. लहानपणीचा कुठला आवाज आठवतो, असं कुणी विचारलं तर मी तोच सांगेन. त्याच्या जोडीला बाबांची कुजबुज, “हळू चाव.”

मी बारावीत असताना बाबांच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि जुनी माणसं घरी आली. बाबा तिथे स्टोअरमध्ये होते. कुठला नटबोल्ट कुठल्या खणात आहे हे डोळे मिटून सांगणारा माणूस बावन्नाव्या वर्षी, एक शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन, सकाळी नऊ वाजता पेपर वाचत घरात बसू लागला. आई सकाळच्या कामात त्यांना ओलांडून ओलांडून वैतागली. “तुमच्या हंसांना रविवारच आवडतो का हो? मंगळवारीही बघून या,” असं एक दिवस तिने सुनावलं, आणि बाबा खरंच रोज जाऊ लागले. त्याच सुमाराला दादाला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी लागली. त्याचा पहिला पगार बाबांच्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त होता. तो त्याने हसतहसत आईच्या हातात ठेवला, बाबांकडे बघायचं मात्र टाळलं. बाबांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “साखर जरा जास्त झालीय.”

जेवताना मात्र ते खुलत. सगळे एकत्र बसलो की हंसांचा विषय निघायचाच. एकदा आईने भाकरी थापता थापता विचारलं, “एवढा हिमालय ओलांडून येतात, तर इथेच का नाही राहत? परत कशाला जायचं?” बाबांनी बोटावरची चटणी चाटली. “हा प्रश्न कुणी विचारत नाही बघ. सगळे विचारतात, का येतात. येतात ते थंडीला भिऊन नव्हे. थंडीचं त्यांना काही वाटत नाही. तिबेटात त्यांची तळी गोठतात, गवत बर्फाखाली जातं, खायला मिळत नाही, म्हणून येतात. इथे तेव्हा रब्बी उभी असते. पण उन्हाळ्यात आपल्या नदीचं डबकं होतं, आणि तिकडे तेव्हा दिवस लांबलचक, कोवळं गवत, तळ्यातल्या बेटांवर अंडी घालायला निवांत जागा. पिल्लं तिथेच वाढायची. म्हणून जायचं.” दादाने विचारलं, “आणि निघायचं कधी, ते कसं कळतं त्यांना?” बाबा म्हणाले, “दिवस मोठा व्हायला लागला की अंगालाच कळतं. मग खा-खा सुटते, चरबी चढते, आणि चुळबूळ सुरू होते. असा एखादा पक्षी कोंडून ठेवलास ना, तर त्या दिवसांत तोसुद्धा पिंजऱ्यात उत्तरेच्या बाजूला धडका मारतो. त्याला कुणी वाईट वागवलेलं नसतं. त्याला जायचं असतं.” मग म्हणाले, “वाट मात्र आई-बाप दाखवतात. पहिल्या वर्षी पिल्लं त्यांच्याबरोबर उडतात.” दादा म्हणाला, “म्हणजे बरंच बरं आहे त्यांचं.”

तो हे का म्हणाला ते चार दिवसांनी कळलं. त्याच्या कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवायचं ठरवलं होतं. तिकडच्या कुठल्याशा विमा कंपनीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे दोनच आकडे होते, दोन हजार साल उजाडलं की सगळा घोटाळा होणार होता. त्या तारखा दुरुस्त करायला इथून पोरं जात होती. आई म्हणाली, “तारखांसाठी माणूस कशाला? इथलं एक कॅलेंडर पाठवून द्या म्हणावं.” पण दुसऱ्याच दिवशी तिने मेतकुटाची तयारी सुरू केली. डाळी भाजल्याचा खमंग वास जिन्यात पसरला आणि शेजारपाजारच्यांना न सांगता बातमी कळली.

ते जानेवारीचे दिवस होते. बाबांच्या पोटात अधूनमधून दुखायचं, जेवण जात नव्हतं. तपासण्यांना त्यांच्याबरोबर मी गेले, कारण माझं कॉलेज दुपारचं. डॉक्टर चांगले होते, खोटं बोलले नाहीत. गाठ पसरली होती आणि पावसाळ्यापर्यंतचंही त्यांनी नक्की सांगितलं नाही. बाहेर पडलो आणि बाबांनी रसाच्या गुऱ्हाळापाशी थांबून दोन ग्लास रस मागवला, बिनबर्फाचा. चरकाच्या घुंगरांच्या आवाजात ते म्हणाले, “घरात अल्सर म्हणायचं. आईलाही तेच आणि सुहासलाही. त्याला कळलं तर तो राहील. राहिला तर जन्मभर रोज जेवताना माझा फोटो बघेल आणि माझ्यापायी राहिलो म्हणेल. मला ते नको.” मी एकोणीस वर्षांची होते. मी मान हलवली आणि रस पिऊन टाकला. अजून कुणी उसाचा रस पुढे केला की मी ग्लास बाजूला सरकवते.

पण दादा काही आंधळा नव्हता. बाबांचे शर्ट खांद्यावरून उतरायला लागले होते. “तुमचा अल्सर बरा झाल्याशिवाय मी जात नाही,” असं त्याने जाहीर करून टाकलं. घरात कुणी आवाज चढवला नाही, आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. बाबा नुसते म्हणाले, “हो का? मग विमानाला कळवून ठेव.”

मार्चच्या सुरुवातीला थवा निघून गेला आणि दोन हंस मागे राहिले. एकाचा पंख मासेमारीच्या जाळ्यात अडकून फाटला होता, त्याला उडता येत नव्हतं. दुसरा धडधाकट होता, पण त्याच्याजवळून हलत नव्हता. बाबांनी घरी येऊन हे सांगितलं आणि रोजच्या जेवणाला तोच विषय झाला. काठच्या रानाचे मालक बबनराव कुत्र्यांवर लक्ष ठेवून होते. गहू निघाला होता, म्हणून बाबा ज्वारी घेऊन जाऊ लागले. नर कुठला नि मादी कुठली हे नुसतं बघून ओळखता येत नाही, असं बाबा म्हणाले, तेव्हा आई ताटात आमटी वाढत होती. “त्यात काय ओळखायचंय?” ती म्हणाली. “एवढं लागलंय आणि कुणाला सांगत नाही, म्हणजे जखमी झालाय तो नरच.” आम्ही सगळे हसलो. बाबा जरा उशिरा हसले. दादा म्हणाला, “मग ठरलं. त्याच्यासाठी ती थांबलीय ना, तोवर मीही थांबणार. दोघं उडाले की मी उडेन.” तो थट्टेत म्हणाला खरा, पण रोज संध्याकाळी बुटांच्या नाड्या सोडायच्या आत विचारायचा, “बाबा, आहे का ती?” आणि बाबा रोज सांगायचे, “आहे.” तिकीट एप्रिलच्या मध्याचं होतं. ते रद्द करायचं की नाही ते त्याला आठवड्याभरात कळवायचं होतं.

त्या आठवड्यातल्या एका सकाळी मी बाबांबरोबर होते. बबनराव बांधावरूनच हात करत आले. “एक गेलं बघा आज,” ते म्हणाले. “वरनं दुसरा थवा चालला हुता, त्यांच्या मागं. लई घिरट्या घातल्या हो तिनं. हाका मारत हुती. ह्ये खालनं वरडायचं, ती वरनं. मग गेली. हे हाय तिथंच, बाभळीखाली.” आम्ही बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला गेलो. वाकड्या बाभळीखाली तो एकटा पाण्याकडे तोंड करून उभा होता. बाबांनी ज्वारी टाकली, त्याने खाल्ली नाही. बाबा बराच वेळ तिथे बसून राहिले. मी डबा उघडलाच नाही. परतताना हडपसरला सिग्नलपाशी त्यांनी मोपेड बाजूला घेतली आणि मागे न बघता म्हणाले, “मंजू, दोघं गेले म्हणायचं. पंख बरा झाला.” मी म्हटलं, “बाबा, नको.” ते म्हणाले, “सुहासला कळलं की एकजण मागे राहिलाय, तर तो काय करेल सांग.” ते मला ठाऊक होतं. म्हणूनच मला रडू आलं. हेल्मेटची सक्ती तेव्हा नव्हती, त्यामुळे सगळ्या रस्त्याने मला बघितलं.

संध्याकाळी दादाने नाड्या सोडायच्या आत विचारलं. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “दोघं गेले आज सकाळी. काय सुरेख उडाले. विचार हिला.” दादाने माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे मला अजून दिसतात. मी म्हटलं, “हो दादा, दोघं गेले.” आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोलले असेन, पण ज्या खोट्याने एका माणसाला वडिलांपासून तोडलं ते हेच, असं मी पुढे कित्येक वर्षं धरून चालले. दादा हळूच म्हणाला, “चला, बरं झालं.” त्याने तिकीट रद्द केलं नाही.

तो निघाला त्या दुपारी चारला भाड्याची जीप दारात आली. दोन मोठ्या बॅगा, एक लहान कुकर, मेतकूट, भाजणी. आईने त्याच्या हातावर दही घातलं. तो बाबांच्या पाया पडला, उभा राहिला आणि म्हणाला, “जातो, बाबा.” सगळेच थबकले. ज्या पोराच्या तोंडून अख्ख्या जन्मात तो शब्द निघाला नव्हता, त्याने नेमका आज तो उच्चारावा? आई कावरीबावरी झाली. “अरे, काय बोलतोस! ये, आत ये, बस आधी.” बाबा म्हणाले, “असू दे गं. बरोबर बोलला तो.” आम्हाला वाटलं, हा त्यांचा नेहमीचा तिरकसपणा. आईने ऐकलं नाही. तिने दादाला बूट काढायला लावून आत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. ते त्याने पिऊन टाकलं. मग तो उठला आणि खाली मान घालून “येतो” म्हणाला. जीप वळली. त्या रात्री बाबांनी वहीत लिहिलेली ओळ, पक्ष्यांची नसलेली एकमेव ओळ: ‘सुहास येतो म्हणाला.’

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा कवडीला जायला निघाले. घरात ज्वारी मागायची सोय कधीचीच नव्हती, कारण घरच्या हिशेबी हंस तर दोन्ही उडून गेले होते. ते मोपेडपाशी आले, तर हँडलला कापडी पिशवी आधीच अडकवलेली होती. आत ज्वारी होती, निवडलेली. आई दारात हात पुसत उभी होती. “इतके दिवस रात्री डब्यातून चोरून नेलीत ती खड्यांची होती,” ती म्हणाली. “त्याच्या घशात अडकायची.” तिला हंसाचं कळलं होतं आणि अल्सरचंही, हे मला तेव्हा कळलं. दादा जाईपर्यंत ती गप्प राहिली होती. आमच्या दोन खोल्यांत चार माणसं राहत होती आणि कुणीच दुसऱ्याशी खरं बोलत नव्हतं, तेही केवळ मायेपोटी.

एप्रिलअखेर बाबांना मोपेडवर बसवेना, मग पिशवी घेऊन मी बसने जाऊ लागले. मे महिन्यातल्या एका सकाळी बाभळीखाली काही नव्हतं. थोडी राखी पिसं होती. बबनरावांनी मान हलवली, “कुत्री,” म्हणाले. मी घरी येऊन बाबांना सांगितलं, “उडाला.” ते डोळे मिटून पडले होते. “एकटाच?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. “हुशार आहे,” ते म्हणाले आणि माझा हात हातात घेऊन बराच वेळ थोपटत राहिले. आषाढात ते गेले. वहीत मीही तो शब्द लिहिला नाही. दादा दहाव्या दिवशी सकाळी पोचला. नदीकाठी पिंड ठेवून आम्ही उभे होतो तेव्हा तो रडला नाही, एवढं मला आठवतं, आणि मला वाटलं, माझ्यामुळे हा पोरका उभा आहे इथे.

पुढे तो तिकडचाच झाला. बायको आली, मुलं झाली, ती तिथेच वाढली. तो एक-दोन वर्षांनी येई, थंडीत, तीन आठवडे. आई असेपर्यंत कवडीचं नाव आमच्यात निघालं नाही. ती जाऊन आता चार वर्षं झाली. माझे गुडघे दुखतात, दादाचे केस पांढरे झालेत. गेल्या डिसेंबरात तो आला तेव्हा आपणहून म्हणाला, “चल, बाबांच्या नदीवर जाऊ.”

टॅक्सीने गेलो. बबनरावांच्या रानावर इमारती आहेत. नदीवर जलपर्णी आणि फेस, आणि वास असा की पदर नाकाला लावावा लागला. पट्टकदंब नव्हते. मी दुर्बीण पुसत होते, तेवढ्यात दादा मला न विचारता बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला चालू लागला. तिकडे त्याला कधी कुणी नेलं नव्हतं. बाभळीचा आता नुसता बुंधा उरलाय. त्याच्यापाशी थांबून तो म्हणाला, “इथेच होता ना तो?”

मी दगडावर बसले. त्याने सांगितलं. निघायच्या आदल्या सकाळी तो मित्राची मोटारसायकल घेऊन इथे आला होता. बाबा एवढं काय बघतात ते जाण्याआधी एकदा बघावं म्हणून. बांधावर बबनराव भेटले. “म्हणाले, तुमचं वडील रोज येत्यात की, जवारी घिऊन. त्ये काय बसल्यात. बघितलं तर बाबा या झाडाखाली पाठमोरे बसले होते. शर्ट असा लोंबत होता. समोर तो एकटा हंस. बाबा एकेक दाणा टाकत होते आणि त्याच्याशी काहीतरी बोलत होते. मला सगळं कळलं, मंजू. तुम्ही दोघं का खोटं बोललात, तेही. बाबा वाचणार नाहीत, तेही.”

“मग हाक का नाही मारलीस?” मी ओरडलेच.

“मारली असती तर राहावं लागलं असतं.” तो पाण्याकडे बघत होता. “मला जायचं होतं गं. तुम्ही मला पाठवलं असं तू धरून बसलीस, ते मला दिसत होतं. मी तुला तसं वाटू दिलं. सोपं होतं ते. दुसऱ्या दिवशी बाबांच्या डोळ्यांत बघून ‘येतो’ म्हणवेना, एवढंच.”

मला त्याचा राग आला, हे लिहायला हवं. जवळजवळ तीस वर्षं मी जे ओझं वाहिलं ते माझं नव्हतंच, आणि ज्याचं होतं तो दर खेपेला तीन आठवडे राहून विमानात बसत होता. परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी बोलले नाही. मग रात्री ताटावर बसल्यावर बाबांचे शब्द आठवले. त्याला कुणी वाईट वागवलेलं नसतं, त्याला जायचं असतं. बाबांना ते ठाऊक होतं. म्हणूनच तर ते म्हणाले होते, बरोबर बोलला तो. त्या खोट्याची गरज दादाला नव्हती, बाबांनाच होती. आपला मुलगा कळून सवरून निघून गेला, असं त्यांना म्हणायचं नव्हतं. मी भाकरीचा तुकडा दादाच्या ताटात वाढला आणि त्याने तो मुकाट्याने खाल्ला.

जायच्या दुपारी टॅक्सी आली. मी त्याच्या हातावर दही घातलं, त्याने ते चाटलं आणि बूट घातले. दारात तो वळला. “जातो, मंजू,” तो म्हणाला, आणि उभा राहिला. आईची खुर्ची अजून त्याच जागी आहे, माठही तिथेच. मी त्याला आत बोलावलं नाही.